फोक-रॉक अल्बम नि गिगचा रिव्ह्यू लिहायचाय? मग आधी हे वाचा

इंडी (म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून केलेलं), फोक-रॉक (लोकसंगीत आणि रॉक एकत्र), प्रयोगशील वगैरे संगीतावर, त्याच्या अल्बमवर आणि गिगवर म्हणजे लाइव्ह कार्यक्रमांवर, आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा तीच ती विशेषणं भेटतात. मातीचा गंध, काळजाला हात घालणारं, वेगळ्याच विश्वात नेणारं. आणि वाचून संपलं तरी गिटार एक होती की चार, ढोलकी खरी होती की कॉम्प्युटरवरची, गाणारी मुद्दाम सुराच्या कडेकडेने जात होती की तिला तो सूर लागतच नव्हता, यातलं काही म्हणजे काही कळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की रिव्ह्यूमध्ये आधी ऐकू काय आलं ते यायला पाहिजे, मग ते कसं केलंय ते, आणि मग तुम्हाला काय वाटलं ते. हा क्रम सांभाळला ना तर तुमचं मत न पटणाऱ्या माणसालाही तुमचा रिव्ह्यू उपयोगी पडतो, आणि या प्रकारच्या संगीताला अशा लिखाणाची खरंच गरज आहे कारण ते रेडिओवर लागत नाही, लोक ते कोणीतरी लिहिलेलं वाचूनच शोधतात.

गोष्ट बाजूला ठेवा

प्रत्येक इंडी अल्बमसोबत एक गोष्ट येते. सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे बॉन इव्हेर या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम. बँडचा गायक जस्टिन व्हर्नन, विस्कॉन्सिनच्या जंगलात वडिलांची शिकारीची केबिन, २००६-०७ चा हिवाळा, एकटा माणूस. २००७ मध्ये त्याने तो स्वतःच काढला, २००८ मध्ये जॅगजॅगुवार या लेबलने म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, आणि तेव्हापासून लोक ती केबिनच सांगत बसलेत. आता अल्बम लावा आणि नीट ऐका. एकाच माणसाचा आवाज थरावर थर चढवलेला आहे, बारीक फॉल्सेटोत म्हणजे नेहमीच्या गळ्याच्या वर चढवलेल्या पातळ आवाजात, इतके थर की शब्द विरघळायला लागतात आणि एकटेपणाच्या गाण्यात अख्खा कोरस उभा राहतो. ही खरी बातमी आहे. शिवाय काही गाण्यांतली ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, बासरी, थोडे ड्रम्स दुसऱ्यांनी वाजवलेले आहेत आणि नंतर घातलेले आहेत, म्हणजे 'सगळं एकट्याने बर्फात' हे तेवढंसं खरंही नाही. क्रेडिट्स, म्हणजे कोणी काय वाजवलं त्याची अल्बमवरची यादी, वाचली की कळतं.

म्हणून माझा नियम असा की पहिल्यांदा ऐकताना प्रेस नोट उघडायची नाही, मुलाखत वाचायची नाही, दुसऱ्यांचे रिव्ह्यू तर नाहीच नाही. गोष्ट नंतर वाचा, आणि ती ऐकण्यात काही भर घालत असेल तरच दोन ओळीत लिहा.

ऐकायचं कसं

पहिल्यांदा सलग. मध्ये थांबायचं नाही, मागे जायचं नाही, काही लिहायचं नाही. अल्बम हा गाण्यांच्या क्रमासकट बनवलेला असतो, शफल बंद करा आणि गाणी संपल्यावर आपोआप लागणारं ऑटोप्लेसुद्धा, नाहीतर शेवटचं गाणं संपून जी शांतता यायला हवी तिथे भलताच कोणी गायला लागतो.

दुसऱ्यांदा हेडफोनवर, जमलं तर वायरवाल्या, आणि स्ट्रीमिंग ॲपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन बंद करून. स्पॉटिफाय डीफॉल्ट सेटिंगमध्ये आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) पातळीला आणतं, अल्बम सलग लावला तर अख्खा अल्बम एकत्र, पण शफल किंवा प्लेलिस्टमध्ये गाणं-गाणं वेगळं, म्हणजे तिथे गाण्यागाण्यातला मोठ्या-लहान आवाजाचा फरक सपाट होऊ शकतो, आणि फोक-रॉकमध्ये तर तो फरकच अर्धं काम करतो. आता वही घ्या आणि मिनिट-सेकंद टाकून लिहा. '२:१० ला व्हायोलिन डावीकडून', '३:४० ला ड्रम्स थांबतात, टाळ चालू राहतो' असं. मत नको, नोंद हवी. तिसऱ्यांदा खोलीत स्पीकरवर, दुसरं काहीतरी काम करताना. कुठल्या जागी हातातलं काम आपोआप थांबतं ते बघा, ती जागा रिव्ह्यूमध्ये आली पाहिजे.

नोंदीतून वाक्य कसं बनतं ते सांगते. इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकचा १९७२ चा 'पिंक मून' हा अल्बम घ्या. त्याबद्दल 'उदास, एकाकी, अंतर्मुख' एवढंच लिहिलं तर ते खरं असूनही फुकट आहे. त्याऐवजी असं लिहा की जवळजवळ २८ मिनिटं फक्त एक आवाज आणि एक गिटार आहे, पहिल्याच गाण्यात थोडासा पियानो येतो आणि मग अल्बम संपेपर्यंत दुसरं कुठलंच वाद्य परत येत नाही, त्यामुळे पुढच्या प्रत्येक गाण्यात कोणीतरी खोलीतून निघून गेल्यासारखं वाटत राहतं. आता वाचणाऱ्याला उदास हा शब्द लागणारच नाही.

प्रयोग नेमका कुठे आहे

'एक्सपेरिमेंटल' असं लिहून लोक पुढे जातात. थांबा ना. कशात केलाय प्रयोग? गाण्याच्या बांध्यात, म्हणजे मुखडा परत येतच नाही असं काहीतरी? वाद्यांच्या आवाजात? रेकॉर्डिंगच्या पद्धतीत? शब्दांत? की दोन वेगळ्या परंपरा समोरासमोर ठेवण्यात? यातलं कुठलं ते शोधलंत की अर्धा रिव्ह्यू झाला. आणि दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, तो प्रयोग काढून टाकला तर गाणं उरतं का, आणि उरलं तर कमी होतं का.

यासाठी मी लोकांना नेहमी विल्कोचा 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट' ऐकायला सांगते. शिकागोचा बँड, मुळात कंट्री-फोकच्या घरातला. रिप्राइज लेबलने अल्बम नाकारला, बँडने हक्क परत घेतले, सप्टेंबर २००१ मध्ये आपल्या वेबसाइटवर फुकट ऐकायला ठेवला आणि एप्रिल २००२ मध्ये तो नॉनसच लेबलने काढला, गंमत म्हणजे दोन्ही लेबलं एकाच कंपनीची. ही गोष्ट भारी आहे पण मुद्दा ती नाही. मुद्दा असा की आतली गाणी अगदी साधी आहेत, तीन-चार कॉर्डची, गिटार घेऊन कट्ट्यावर म्हणता येतील अशी, आणि त्यांच्याभोवती खरखर, घंटा, भरकटणारे ड्रम्स, रेडिओचे आवाज रचलेले आहेत. मिक्सिंग, म्हणजे हे सगळे आवाज एकमेकांत बसवायचं काम, जिम ओरुर्कचं. अल्बमचं नाव शॉर्टवेव्ह रेडिओवर कोड वाचणाऱ्या एका बाईच्या आवाजातून घेतलंय आणि तो आवाज अल्बममध्ये ऐकूही येतो. गाणी आहेत माणसांना एकमेकांपर्यंत पोचता न येण्याबद्दल, म्हणजे ती खरखर सजावटीला नाहीये, ती गाण्याच्या अर्थाचाच भाग आहे.

हे तपासायची सोयसुद्धा आहे. बँडचा गायक जेफ ट्वीडीने २०१७ मध्ये 'टुगेदर ॲट लास्ट' हा एकट्याचा ॲकॉस्टिक अल्बम काढला, त्यात या अल्बममधलीही दोन गाणी आहेत. दोन्ही रूपं पाठोपाठ ऐका. खरखर गेल्यावर गाणं उभं राहतं, छान राहतं, पण माझ्या कानाला त्यातला धोका कमी होतो, माणूस समजुतीचा वाटायला लागतो. हे जे तुम्ही आत्ता दोन रूपांमध्ये तोलून बघितलंत तेच कुठल्याही प्रयोगशील अल्बमचं परीक्षण, फक्त दरवेळी दुसरं रूप हाताशी नसतं, तेव्हा ते मनात करावं लागतं किंवा गिटार येत असेल तर सरळ वाजवून बघा.

आणि प्रयोग फसलाय असं वाटलं तरी काय करायचा प्रयत्न होता ते आधी लिहा. बारा मिनिटांचं गाणं लांबलं असं म्हणण्याआधी ती लांबी कशासाठी घेतली होती ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

फोक कुठून आलंय ते शोधा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण इथे सगळ्यात जास्त आळस होतो. क्रेडिटमध्ये 'पारंपरिक' लिहिलेलं असतं आणि रिव्ह्यू लिहिणारा तोच शब्द कॉपी करतो. पण कोणाचं पारंपरिक? कुठल्या गावचं, कुठल्या समाजाचं, कुठल्या प्रसंगी गायचं, आणि बँडने ते कोणाकडून घेतलं?

हा प्रश्न जुना आहे. 'स्कारबरो फेअर' हे इंग्लंडचं लोकगीत. मार्टिन कार्थी हा इंग्लिश फोक गायक लंडनच्या फोक क्लबांमध्ये गिटारवर ते आपल्या पद्धतीने गायचा, अमेरिकन गायक पॉल सायमन तिथे होता तेव्हा त्याने कार्थीकडून ते घेतलं, १९६६ मध्ये सायमन अँड गारफंकेलच्या अल्बममध्ये ते आलं आणि जगभर गाजलं, पण कार्थीचं नाव त्यावर नव्हतं. ही कडवटपणाची गाठ सुटायला २००० साल उजाडलं, तेव्हा लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये सायमनने त्याला स्टेजवर बोलावलं आणि दोघांनी ते एकत्र गायलं. गाण्यावर कॉपीराइट नसला तरी त्याची मांडणी कोणीतरी घाम गाळून केलेली असते, आणि हे विचारणं परीक्षण करणाऱ्याचंच काम आहे.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे इंडियन ओशन या बँडचा २००० चा 'कंदिसा' हा अल्बम. त्याचं शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेवरचं, आणि 'मा रेवा' नर्मदेच्या लोकगीतावरचं. बास वाजवणारा राहुल राम त्याआधी नर्मदेवरच्या धरणाविरुद्धच्या नर्मदा बचाओ आंदोलनात होता, म्हणजे ती नदी त्याने कॅसेटवर ऐकलेली नाही. आपल्या अक्कलकुवा-धडगावकडची गावंही त्याच सरदार सरोवर धरणाच्या बुडितात गेली हे ज्याला माहीत आहे त्याला ते गाणं वेगळं ऐकू येतं. ही माहिती गाण्याच्या आत शिरते, म्हणून ती रिव्ह्यूमध्ये हवी. वर केबिन बाजूला ठेवा म्हटलं आणि इथे आंदोलन आत घ्या म्हणतेय, फरक एवढाच की केबिनने कलाकाराबद्दल कळतं, नदीने गाण्याबद्दल कळतं.

आणि मराठी फोक-रॉकवर लिहिताना तर आपल्याला घरचा फायदा आहे तो वापरा ना! अभंग रिपोस्टसारखे बँड अभंग गिटार-बास-ड्रम्सवर गातात. 'विठ्ठलभक्तीला रॉकचा तडका' हे वाक्य पुन्हा कोणी लिहू नका, कळकळीने सांगते. त्याऐवजी छंद बघा. मोठ्या अभंगात चार चरण, पहिले तीन ६-६-६ अक्षरांचे आणि चौथा ४ चा, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. रॉकचा रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारा छोटा तुकडा, मात्र चौकोनी असतो, चारच्या पटीत जाणारा. मग त्या चौथ्या आखूड चरणाशी जी जागा उरते तिचं बँडने काय केलं? शेवटचं अक्षर ताणलं, गिटारने भरून काढली, की मोकळी सोडली? मोकळी सोडणारा बँड मला जास्त आवडतो, त्याला शब्दांवर विश्वास असतो.

तसंच ठेका. पखवाज असेल तर त्याची कणीक लावलेली डावी बाजू, बास गिटार आणि ड्रम किटचा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) हे तिन्ही खालच्या आवाजात एकमेकांच्या अंगावर येतात. चांगल्या मिक्समध्ये यातला कोणीतरी मागे सरकलेला असतो. कोण सरकला ते ऐका, त्यावरून बँडचा जीव अभंगात आहे की रॉकमध्ये ते कळतं. गोंधळाचं संबळ असेल तर प्रश्न वेगळा, त्याचा वरचा आवाज इतका धारदार असतो की गिटारवर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) असूनही तो आरपार जातो, तिथे गायक कुठे उरतो ते बघा.

गिगला जाताना

लाइव्हचा रिव्ह्यू म्हणजे अल्बमचा रिव्ह्यू अधिक गर्दी नव्हे. तिथे प्रश्न असा की त्या रात्री, त्या जागी असं काय झालं जे रेकॉर्डवर नाही.

आधी तयारी. बँडमध्ये आत्ता कोण आहे ते बघून जा. इंडियन ओशनचं नाव तेच आहे, पण 'कंदिसा'वर तबला वाजवत गाणारा अशीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेला, गिटारवाला सुश्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडला. आज ते गाणं स्टेजवर वाजतं तेव्हा ते दुसऱ्या गळ्यांतून आणि दुसऱ्या बोटांतून येतं. काय बदललं ते लिहायला जुनं रेकॉर्डिंग कानात ताजं पाहिजे, म्हणून गिगच्या दिवशी दुपारी एकदा ऐकून जायचं.

उभं कुठे राहायचं? मिक्सिंग कन्सोलच्या (साउंड इंजिनिअर बसतो त्या बटणांच्या टेबलाच्या) जवळ, थोडं पुढे. साउंड इंजिनिअर जे ऐकून आवाज बसवतो ते साधारण तिथेच ऐकू येतं. अगदी पुढे गेलात तर स्टेजवरचे ॲम्प आणि ड्रम्स थेट येतात आणि गायक गायब होतो, मग 'व्होकल्स दबलेले होते' असं लिहून मोकळे होऊ नका, तुम्ही चुकीच्या जागी उभे होतात. दोन-तीन गाणी झाली की एक फेरी मारा, मागे बारपाशी, बाजूला, आणि रिव्ह्यूमध्ये कुठून ऐकलं ते सांगा.

हे किती महत्त्वाचं आहे ते बघायचं तर अमेरिकेतलं न्यूपोर्ट बघा. २५ जुलै १९६५, तोवर ॲकॉस्टिक गिटारवरच्या फोक गाण्यांसाठी ओळखला जाणारा बॉब डिलन तिथल्या फोक फेस्टिव्हलमध्ये इलेक्ट्रिक बँड घेऊन चढला, तीन गाणी वाजवली, हुर्यो झाली. पण ती कशासाठी झाली यावर तिथे हजर असलेल्यांचंच एकमत नाही. कोणी म्हणतं इलेक्ट्रिक गिटारचा राग, कोणी म्हणतं आवाज इतका वाईट होता की शब्द कळत नव्हते, कोणी म्हणतं सेट फारच छोटा झाला म्हणून. मी कुठे उभी होते आणि मला तिथे काय ऐकू आलं एवढं जरी प्रत्येकाने नीट लिहून ठेवलं असतं तरी अर्धा वाद मिटला असता. पुढच्या वर्षीची गोष्ट तर अजून बोलकी आहे. डिलनच्या कार्यक्रमात प्रेक्षकातून 'जूडास' (येशूला दगा देणारा, म्हणजे गद्दार) अशी आरोळी आली ते रेकॉर्डिंग कित्येक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं म्हणून हातोहात फिरत होतं, ते निघालं मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलचं, १७ मे १९६६ चं. तर तारीख, जागा, शहर हे पहिल्या परिच्छेदातच टाका. वीस वर्षांनी कोणीतरी तुमच्या रिव्ह्यूवरून ती रात्र शोधत असेल.

स्टेजवर डोळेही उघडे ठेवा. हार्मोनियम ऐकू येतेय पण स्टेजवर कोणाकडेच नाही, म्हणजे बॅकिंग ट्रॅक, आधी रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज, आहे. त्यात पाप काही नाही, पण लिहिताना 'हार्मोनियम सुंदर वाजली' असं नको. एकटी गायिका लूपरवर (आत्ता वाजवलेलं लगेच रेकॉर्ड करून परत परत वाजवणारं यंत्र) थर रचत असेल तर पहिला थर कुठला टाकला आणि कुठला काढून घेतला ते नोंदवा, काढून घेणं जास्त अवघड असतं. ॲकॉस्टिक गिटारचा आवाज प्लॅस्टिकसारखा टणटणीत येत असेल तर बहुतेक वेळा गिटारमधल्या पिएझो पिकअपचा (तारांची कंपनं उचलून आवाज पुढे पाठवणाऱ्या छोट्या भागाचा) तो गुण असतो, वाजवणाऱ्याचा दोष नाही. आणि फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माइक-गिटारमध्ये शिरून निघणारी ती शिट्टी, तो मुद्दाम आहे की गडबड झालीये? गिटारवाला ॲम्पकडे तोंड करून त्यात रमलेला असेल तर मुद्दाम, सगळ्यांच्या माना एकदम कन्सोलकडे वळल्या तर गडबड.

फेस्टिव्हलमध्ये अजून एक भानगड. पुण्यात २०१० ला सुरू झालेल्या एनएच सेव्हन वीकेंडरसारख्या ठिकाणी एकाच मैदानात चार-पाच स्टेज असतात, अशा जागी हळू आवाजाचा फोक सेट चालू असताना शेजारच्या स्टेजवरून बास घुसतो. बँडने त्याचं काय केलं, आवाज वाढवला की मुद्दाम अजून हळू झाले आणि लोकांना जवळ ओढलं? आणि उघड्यावरच्या कार्यक्रमांना रात्री १० नंतर लाउडस्पीकरची बंदी असते, खास परवानगीचे मोजके दिवस सोडून. संध्याकाळी उशीर होत गेला की शेवटच्या बँडची गाणी कापली जातात. सेट अर्ध्यात संपला म्हणून कलाकाराला दोष द्यायच्या आधी घड्याळ बघा.

नोंदी छोट्या वहीत पेन्सिलने. फोन काढला की मागच्याच्या डोळ्यात उजेड, आणि तुमचंही लक्ष गेलंच. गाण्याचं नाव माहीत नसेल तर एखादी ओळ लिहून ठेवा, संपल्यावर साउंडवाल्याला सेटलिस्ट विचारा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. आणि इअरप्लग न्याच, चांगले फिल्टरवाले, फोमचे नकोत कारण ते वरचे आवाज खाऊन टाकतात. ८५ डेसिबलचा आवाज कानाला ८ तास चालतो, त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. गिगमध्ये १०० सहज होतात. कान हेच आपलं हत्यार आहे, ते गेलं की काय लिहिणार.

लिहायला बसल्यावर

अल्बमवर लगेच लिहू नका, गिगवर लगेच लिहा. अल्बम परत ऐकता येतो, गिग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अर्धी उडून गेलेली असते, म्हणून घरी आल्यावर झोपायच्या आधी वाकडंतिकडं का होईना सगळं उतरवून ठेवा आणि सकाळी दुरुस्त करा.

प्रत्येक गाण्यावर एकेक ओळ लिहायची गरज नाही. दोन किंवा तीन गाणी निवडा ज्यांच्यात अल्बमचं सगळं म्हणणं सापडतं, त्यांच्यात खोल जा, बाकीच्यांचा ओझरता उल्लेख पुरे. 'अमुकसारखा आवाज' ही तुलना एखाद-दोनदाच, आणि केली तर कशासारखा ते सांगा, गळ्यासारखा की गिटारच्या ट्यूनिंगसारखा की नुसता दाढीसारखा.

स्टार द्यायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पिचफोर्क या संगीत-रिव्ह्यूच्या अमेरिकन वेबसाइटने त्या विल्कोच्या अल्बमला १० पैकी १० दिले होते, आणि २००४ मध्ये ट्रॅव्हिस मॉरिसनच्या 'ट्रॅव्हिस्टन'ला शून्य. दोन्ही रिव्ह्यूंमधला आकडा लोकांच्या लक्षात राहिला, मजकूर किती जणांना आठवतो कोणास ठाऊक. मी देत नाही.

आणि हे स्पष्ट सांगायलाच हवं, पुण्या-मुंबईचा इंडी सीन छोटा आहे. ड्रमर तुमच्या कॉलेजचा असतो, गेस्ट लिस्टवर नाव मैत्रिणीने घातलेलं असतं. ओळख असेल तर लिहा की ओळख आहे, तिकीट फुकट मिळालं असेल तर लिहा की फुकट मिळालं. फार जवळचे असतील तर दुसऱ्या कोणाला तरी लिहू द्या. मित्रांना 'भारी झाला' ऐकायला घरचे लोक आहेत, रिव्ह्यू वाचणारा खिशातले हजार रुपये त्यावर ठरवतो. वाईट लिहायची वेळ आली तर कामावर लिहा, माणसावर नको, आणि पहिला अल्बम काढणाऱ्या विशीतल्या पोरांना आणि पंधरा वर्षं स्टेजवर असलेल्यांना एकाच काट्यावर तोलू नका.

पोस्ट करायच्या आधी एकदा सगळी नावं तपासा, वाजवणाऱ्यांची, लेबलची, मिक्स करणाऱ्याची, गाणं जिच्याकडून घेतलं त्या गावातल्या बाईचं नाव अल्बमवर असेल तर तिचंसुद्धा, आणि ते वर मजकुरात घ्या, खाली बारीक अक्षरात नको.